धान्याचे मोठे आकडे आणि आपली मापे
(वाराणसी येथे दिलेले व्याख्यान)



आजचा माझा विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल. एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर कसे करावे, हे आपण सर्वजण शाळेत शिकलेलो आहोत आणि परीक्षा संपताच बहुतेकांनी ते विसरूनही टाकलेले आहे. तरीही तोच विषय मी निवडला, कारण आपल्या देशात किती धान्य पिकते, किती बाहेर जाते आणि किती बाहेरून येते यासंबंधीचे आकडे आपण रोज वाचतो, पण त्यांचा अर्थ क्वचितच लावतो. ‘दोनशे तेवीस लाख टन तांदूळ निर्यात’ असे छापलेले आपण वाचतो. हा आकडा मोठा आहे एवढे कळते; पण किती मोठा? तो ऐकून आनंद मानावा की चिंता करावी? याचे उत्तर त्या आकड्यात नसते. ते मिळवायचे असेल तर आकडा आपल्या ओळखीच्या मापात उतरवून घ्यावा लागतो.

प्रथम इथलेच एक साधे उदाहरण घेऊ. गंगेपलीकडे रामनगरला जलमार्गाचे जे मालधक्का-केंद्र आहे, त्याचे उद्घाटन १२ नोव्हेंबर २०१८ रोजी झाले आणि कोलकात्याहून नदीमार्गे आलेले मालाचे पहिले सोळा कंटेनर तेथे उतरले. त्या वेळच्या बातम्यांत या सोळा कंटेनरांबरोबर आणखी एक वाक्य होते: हा माल सोळा मालमोटारी भरतील इतका आहे. ज्याने हे वाक्य लिहिले त्याने वाचकावर उपकारच केले. कंटेनर सर्वांनी पाहिलेला नसतो; पण रस्त्यावर एकामागून एक उभ्या असलेल्या सोळा मालमोटारी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मग ‘एवढेच का?’ किंवा ‘एवढे सगळे?’ असा प्रश्न मनात येतो. असा प्रश्न विचारता येणे हीच समजण्याची सुरुवात होय.

मापांचा हा विचार काशीला नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी येथे एक टांकसाळ होती. १८२० ते १८३० या दशकात तेथे नाणेपारखी म्हणून जेम्स प्रिन्सेप हा तरुण इंग्रज काम करीत होता. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा म्हणून त्याचे नाव पुढे जगभर झाले. बनारसच्या घाटांची त्याने काढलेली चित्रेही प्रसिद्ध आहेत. पण त्याचा रोजचा व्यवसाय तराजूचा होता, आणि देशातील वजनमापांचा गोंधळ त्याला पदोपदी जाणवत असणार. टांकसाळ बंद झाल्यावर तो कलकत्त्यास गेला आणि तेथे नाणी व वजने यांच्या सुधारणेत त्याने मोठा वाटा उचलला. १८३३ मध्ये सरकारने जी पद्धती ठरविली तिच्यात तोळा १८० ग्रेनचा झाला. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. हिशेब केला तर हा मण बरोबर शंभर ट्रॉय पौंडांचा भरतो. व्यवहारातल्या पौंडांत त्याचे ८२ पूर्णांक २ सप्तमांश पौंड होतात आणि आजच्या मापात ३७.३२ किलोग्रॅम. देशी माप आणि विलायती माप यांच्यामध्ये असा एक पूल बांधला गेला.

तो का बांधावा लागला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘मण’ हा शब्द देशभर एकच होता, पण वस्तू एक नव्हती. बंगालच्या बाजारातला मण सुमारे ८२ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा. म्हणजे कोणी ‘हजार मण माल पाठविला’ असे लिहिले, तर मुंबईच्या मणाने तो पावणेतेरा टन आणि बंगालच्या मणाने सदतीस टनांहून अधिक. शिवाय महाराष्ट्रात धान्य पुष्कळदा वजनाने न मोजता पायलीने, म्हणजे आकारमानाने मोजीत. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे या नगरात आहेत. त्यांच्या पूर्वजांना देशावरून आलेल्या पत्रातली खंडी आणि काशीच्या बाजारातला मण यांचा मेळ घालताना मनातल्या मनात बरीच आकडेमोड करावी लागली असणार.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि १९६२ पर्यंत शेर आणि मण व्यवहारातून कायद्याने बाद झाले. आता गोंधळ संपला, असे कोणालाही वाटेल. देशातल्या दुकानापुरता तो पुष्कळसा संपलाही. पण शेतमालाचा व्यापार जगाशी चालतो, आणि तेथे ‘कोणता मण?’ हा जुना प्रश्न नव्या वेषात उभा असतो.

‘टन’ हाच शब्द घ्या. मेट्रिक टन १००० किलोंचा. जुना ब्रिटिश टन २२४० पौंडांचा, म्हणजे १०१६ किलोंचा. अमेरिकी टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. दहा लाख टनांच्या सौद्यात मेट्रिक आणि अमेरिकी टनांत ९३ हजार टनांचा फरक पडतो. कापसाची गाठ आपल्याकडे १७० किलोंची धरतात, अमेरिकेत ४८० पौंडांची, म्हणजे जवळजवळ २१८ किलोंची. आपल्या शंभर लाख गाठी अमेरिकी हिशेबात अठ्ठ्याहत्तर लाखच होतात. कापूस मात्र एका बोंडानेही कमी झालेला नसतो. आणि आपल्याच कापूसबाजारात भाव अजूनही ३५६ किलोंच्या खंडीवर सांगितला जातो. अमेरिकेतला बुशेल तर आपल्या पायलीचा दूरचा नातेवाईकच म्हणावा. ते मूळचे आकारमानाचे माप. त्यामुळे गव्हाचा बुशेल ६० पौंडांचा, तर मक्याचा ५६ पौंडांचा. गव्हाचा एक टन म्हणजे पावणेसदतीस बुशेल, मक्याचा एक टन म्हणजे एकोणचाळीसहून थोडे अधिक.

याखेरीज ‘लाख’ आणि ‘दशलक्ष’ यांचा घोटाळा आहेच. परदेशी अहवालातले ‘सात दशलक्ष टन’ आपल्याकडे ‘सत्तर लाख टन’ होतात. घाईत अनुवाद करणाऱ्याने ‘सात लाख’ लिहिले, तर चूक दहापटीची होते. अशी चूक पकडण्याचा उपाय एकच: प्रत्येक मोठा आकडा एखाद्या ओळखीच्या पट्टीला लावून पाहावा.

अशी एक पट्टी मी आज आपल्याला देतो. भारताची लोकसंख्या स्थूलमानाने १४० कोटी धरा. प्रत्येकी एक किलो द्यायचे म्हटले तर १४० कोटी किलो लागतील, म्हणजे १४ लाख टन. म्हणून कोणताही ‘लाख टनांचा’ आकडा चौदाने भागा. उत्तर दरमाणशी किलोंत मिळेल. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

खाद्यतेलाची आयात पाहू. अलीकडच्या वर्षांत ती सुमारे १६० लाख टन झालेली आहे. चौदाने भागले की साडेअकरा किलोंच्या आसपास येते. पाच माणसांच्या कुटुंबाला हे वर्षाकाठी पंधरा किलोंचे जवळजवळ चार डबे झाले. ‘१६० लाख टन’ ऐकून गृहिणीला काही वाटणार नाही. पण ‘तुमच्या घरात येणारे चार डबे समुद्रापलीकडून येतात’ असे म्हटले की ती विचारील, ‘ते आले नाहीत तर?’ देशाच्या कृषिनीतीचा तो एक मूलभूत प्रश्न आहे, आणि तो तिने स्वयंपाकघरात उभे राहून विचारलेला आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे अवर्षणाची गेली. १९६६ साली आपण एक कोटी टनांहून थोडे अधिक धान्य आयात केले. त्यातले बहुतेक अमेरिकेकडून, पी. एल. ४८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखाली आले. लोकसंख्या तेव्हा पन्नास कोटींच्या आत होती. भागाकार केला तर दरमाणशी वर्षाला एकवीस किलो, म्हणजे दिवसाला सुमारे ५७ ग्रॅम. त्या वर्षी देशात तृणधान्ये व कडधान्ये मिळून दरडोई उपलब्धता दिवसाला ४०८ ग्रॅम होती, असे सरकारी आकडे सांगतात. आता हे आपण जुन्या मापात आणू. शेराचे सोळा छटाक. एक छटाक ५८ ग्रॅमचा. म्हणजे माणशी रोजचे धान्य सात छटाक, आणि त्यातला एक छटाक परदेशी जहाजातून उतरलेला. सातांतला एक घास! त्या काळच्या वृद्धांना ‘एक कोटी टन’ कळले नसते. ‘सात छटाकांतला एक’ ताबडतोब कळले असते. त्यानंतरच्या वर्षांत गव्हाच्या नव्या वाणांचा प्रसार एवढ्या तातडीने का करण्यात आला, याचे स्पष्टीकरण या एका छटाकात आहे.

आता अलीकडची एक घटना थोडी सविस्तर पाहू, कारण तिची झळ याच नगरापर्यंत पोहोचली. २०२१-२२ या वर्षी भारताने सुमारे ७२ लाख टन गहू निर्यात केला. चौदाने भागा: दरमाणशी पाच किलोंहून किंचित जास्त. पाच किलो हा आकडा शिधापत्रिकाधारकांना चांगला परिचयाचा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील माणसाला दरमहा मिळणारे धान्य ते एवढेच. म्हणजे त्या वर्षाची निर्यात जणू प्रत्येक भारतीयाच्या एका महिन्याच्या शिध्याइतकी होती. विपुलतेच्या वर्षी हे काही फार नव्हे.

पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन यांचे युद्ध सुरू झाले. हे दोन्ही गव्हाचे मोठे निर्यातदार. मार्चमध्ये शिकागोच्या बाजारात गव्हाने बुशेलला बारा डॉलरांची मर्यादा ओलांडली. ही बातमी आपल्याकडेही छापून आली. पण बाबतपूरच्या किंवा चंदौलीच्या शेतकऱ्याने ‘बुशेलला बारा डॉलर’ यातून काय समजावे? रूपांतर करू. बाराला पावणेसदतीसने गुणले की टनाला ४४१ डॉलर. रुपया तेव्हा डॉलरला सुमारे ७६ होता. म्हणजे टनाला साडेतेहतीस हजार, क्विंटलला सुमारे ३३५० रुपये. त्या हंगामासाठी सरकारने जाहीर केलेला हमीभाव होता क्विंटलला २०१५ रुपये. शिकागोचा भाव काही शेतकऱ्याच्या खळ्यावर मिळत नाही. पोती, वाहतूक, बंदर आणि दलाली यांचे खर्च मध्ये असतात. तरीही एवढे अंतर दिसल्यावर व्यापारी हमीभावाहून अधिक देऊन माल उचलणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. भागाकार-गुणाकार येणाऱ्या कोणालाही ते मार्च महिन्यातच सांगता आले असते.

त्याच मार्चमध्ये उष्णतेची लाट आली आणि दाणा भरण्याच्या वेळीच उत्तरेतला गहू करपला. पीक घटले आणि बाजारभाव चढला. दोहोंचा परिणाम असा झाला, की आदल्या हंगामात ४३३ लाख टन झालेली सरकारी गहूखरेदी त्या हंगामात १८८ लाख टनांवर आली. फरक २४५ लाख टनांचा, म्हणजे दरमाणशी साडेसतरा किलोंचा. पाच-पाच किलोंच्या हिशेबाने साडेतीन महिन्यांचा शिधा! १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच महिन्यात गरीब कल्याण अन्न योजनेतील वाटपही बदलले. उत्तर प्रदेशात या योजनेखाली माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मिळत असे. आता पाचही किलो तांदूळ ठरला. पोळी खाणाऱ्या घराला तांदूळ मिळू लागला. शिकागोचा बुशेल आणि काशीच्या गल्लीतील स्वस्त धान्याचे दुकान यांच्यामधली साखळी ती हीच. बुशेल, डॉलर, टन, क्विंटल, किलो अशा तिच्या कड्या वेगवेगळ्या मापांच्या असल्यामुळे आपल्याला ती सलग दिसत नाही, इतकेच.

येथे शेतकऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. बंदीमुळे खाणाऱ्याला दिलासा मिळाला असेल, पण ज्याच्या घरात विकायचा गहू शिल्लक होता त्याच्या हातून चढा भाव निसटला. ही बंदी योग्य होती की अयोग्य, यावर जाणत्यांत मतभेद आहेत आणि आज मी त्यात शिरणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की एकाचा लाभ क्विंटलमागे किती रुपये होता आणि दुसऱ्याची तूट महिन्याकाठी किती किलो होती, हे मांडल्याशिवाय तो वाद प्रामाणिकपणे घालताच येणार नाही.

आता पुन्हा तांदळाकडे वळू. २०२२-२३ मध्ये आपण सुमारे २२३ लाख टन तांदूळ निर्यात केला. दरमाणशी सोळा किलो. दिवसाला ४४ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मूठ. हे झाले खाणाऱ्याचे माप. पिकविणाऱ्याच्या मापात तोच आकडा पाहू. देशात तांदळाचे सरासरी उत्पादन हेक्टरी २८ क्विंटलांच्या आसपास आहे. म्हणजे ही निर्यात सुमारे ८० लाख हेक्टर जमिनीवरची; भातपिकाखालील सर्व जमिनीचा जवळजवळ सहावा भाग. आपल्याकडचा पक्का बिघा ३०२५ चौरस यार्डांचा, पाच अष्टमांश एकराचा. एका हेक्टरात जवळजवळ चार बिघे बसतात. तेव्हा निर्यातीचा हा तांदूळ तीन कोटींहून अधिक बिघ्यांवर पिकला. त्या जमिनीला दिलेले पाणी, खत आणि श्रम हेही त्या तांदळाबरोबर जहाजात चढले. मात्र एक ध्यानात ठेवा: कच्चा बिघा निराळा आणि लहान. कोणी ‘माझ्या दहा बिघ्यांत इतके पिकले’ म्हणाला, तर प्रथम विचारा, कोणता बिघा?

आणखी एक सावधगिरी सांगतो, कारण येथे शिकलेली माणसेही फसतात. मापाचे रूपांतर वेगळे आणि वस्तूचे रूपांतर वेगळे. क्विंटलचे किलो केले तर वस्तू तीच राहते. पण भाताचा तांदूळ केला की वस्तूच बदलते. सरकारी हिशेबात एक क्विंटल साळीचा ६७ किलो तांदूळ धरतात. त्यामुळे २२३ लाख टन तांदूळ म्हणजे सुमारे ३३३ लाख टन साळ. शेतकरी साळ विकतो, निर्यातदार तांदूळ विकतो. २०२२-२३ मध्ये साध्या साळीचा हमीभाव २०४० रुपये होता. त्याची तुलना थेट तांदळाच्या भावाशी केली, तर मधल्या माणसाचा नफा प्रचंड दिसेल. पण २०४० ला ६७ टक्क्यांनी भागले की तांदळाच्या क्विंटलची किंमत भरडाईच्या आधीच सुमारे ३०४५ रुपये होते. मग नफा किती, तो वाजवी की गैरवाजवी, हे नीट पाहता येते. अन्याय होत असेल तर तो खऱ्या आकड्यांनी दाखवावा. चुकीच्या आकड्यांनी केलेली तक्रार पहिल्याच उत्तरात कोसळते.

शेवटी या साऱ्या पद्धतीची मर्यादा सांगितली नाही, तर मी माझे कर्तव्य अर्धवट सोडले असे होईल. ‘दरमाणशी’ हा शब्द फार उपयोगी आणि तितकाच धोक्याचा आहे. १९४३ साली बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे दुष्काळात मेली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमर्त्य सेन यांनी त्या वर्षीच्या धान्यपुरवठ्याचा हिशेब मांडला. आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून तो केवळ पाच टक्क्यांच्या आसपास कमी होता, आणि १९४१ पेक्षा, म्हणजे ज्या वर्षी दुष्काळ नव्हता त्या वर्षापेक्षा, सुमारे तेरा टक्क्यांनी अधिकच होता. सरासरीच्या ताटात धान्य होते. शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या ताटात नव्हते. कारण तांदळाचा भाव वाढत गेला आणि त्यांची मजुरी तेथेच राहिली. त्यांच्यासाठी लागू पडणारे माप टन नव्हते, दरमाणशी ग्रॅमही नव्हते. ते होते ‘एका दिवसाच्या मजुरीत किती शेर तांदूळ येतो?’ हे. ते माप कोणी रोज घेत राहिले असते, तर संकटाची चाहूल वेळेवर लागली असती.

म्हणून मोठा आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. पहिला: हे माप नेमके कोणते, कोणाचा टन, कोणाची गाठ, कोणता बिघा? दुसरा: वस्तू नेमकी कोणती, साळ की तांदूळ, कपाशी की रुई? आणि तिसरा: हा आकडा ज्याच्या आयुष्यात जाऊन पोहोचणार आहे, त्याच्या मापात तो किती होतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी कधी शेतात, कधी बाजारात, तर कधी शिध्याच्या रांगेत जाऊन उभे राहावे लागते.

प्रिन्सेपच्या तराजूपासून आजपर्यंत मापे अनेकदा बदलली आणि पुढेही बदलतील. धान्य मात्र आजही शेवटी मुठीने घेतले जाते आणि घासाने खाल्ले जाते. तेव्हा उद्या वर्तमानपत्रात ‘लाख टन’ हे शब्द दिसले की पेन्सिल हाती घ्या आणि चौदाने भागा. एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.